तुमचा विषय यंदा मी शिकवला

सर, यंदा तुमचा विषय कॉलेजात मी शिकवला. जिथे असाल तिथे आधी एखादी खुर्ची बघून टेका, मग पुढचं वाचा. हो, मीच. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ज्याच्या पेपरावर मार्कांपेक्षा तुमची लाल शाई जास्त खर्च झाली होती, आणि ज्याला तुम्ही स्वतः दंडाला धरून मराठी विभागात पोचवून आला होतात, तोच. तुमच्याच खोलीत, तुमच्याच फळ्यापुढे उभा राहून मी म्हणालो, ‘समजा, क्ष ही एक वास्तव संख्या आहे,’ आणि छत कोसळलं नाही. तसं ते कोसळायला आलेलंच आहे, पण त्याचा माझ्या गणिताशी संबंध नाही. बांधकाम समिती वेगळी आहे.

हे झालं कसं ते सांगतो. तुम्ही रिटायर झालात तेव्हा कॉलेजनं तुम्हाला शाल दिली, नारळ दिला, तुमच्याविषयी चार खोटी आणि दोन खरी वाक्यं बोलली, आणि तुमची जागा भरायची राहून गेली. ती अजून राहूनच गेलेली आहे. तासिका तत्त्वावर मास्तर आले आणि गेले. शेवटचा तर चांगला हुशार पोरगा होता. तो यवतमाळला एका क्लासवाल्याकडे लागला. तिथे पगार दर महिन्याला मिळतो, असं म्हणाला. आम्हाला आधी ती थापच वाटली. मराठी विभागात मात्र सगळं उलट होतं, तिथे जागा भरलेली आणि वर्ग रिकामा. बाकांवरच्या चिमण्या धरून मोजलं तर पटसंख्या बरी दिसायची. नव्या धोरणात विज्ञानाच्या पोराला मराठी घेता येतं आणि मराठीच्या पोराला गणित, म्हणजे कागदावर येतं. पण दिग्रसच्या पोरांना कागद वाचायची सवय आम्हीच लावलेली नाही.

जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. ते रसायनशास्त्राचे, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला माझ्याच वर्गात होते. तुमच्या तासाला बसलेले आहेत, मागच्या बाकावर. टेबलावर चहा आधीच मागवलेला होता, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

‘सर, तुम्ही बीएस्सी फर्स्ट इयर केलं होतं ना?’

‘केलं नव्हतं. नापास झालो होतो.’

‘नापास होयाले बी पेपरले बसाच लागते. बसले होते का नाही?’

‘बसलो होतो.’

‘झालं मंग. स्टाफमध्ये मॅथच्या पेपरले बसलेला माणूस म्हणजे मी आन् तुम्ही. मले तर प्रिन्सिपॉलगिरीतून मुताले बी फुरसत नाही.’

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षाच्या कोणत्याही शाखेच्या मुलांसाठी एक पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आला होता. फलन, बहुपदी, असमानता, वर्गसमीकरणं, घातांक, लॉग. म्हणजे बारावीपर्यंत सगळ्यांना शिकवलेलं, कोणालाच न आलेलं, आणि ज्याच्याशिवाय पुढचं कलनशास्त्र म्हणजे निव्वळ पाठांतर, असं सगळं. वर्षाच्या शेवटी मुलांनी पुढचे विषय निवडायचे. गणित घेणारी मुलं ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली तर गणित विभाग कायमचा बंद. मराठी घेणारी खाली गेली तर मी अतिरिक्त. अतिरिक्त हा शब्द तुमच्या काळात खोबरेल तेलाच्या बाटलीवर असायचा, ‘दहा टक्के अतिरिक्त’. आता मास्तरांना लावतात. अतिरिक्त मास्तर जिल्ह्यात जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे पाठवतात.

‘तुमच्याकडे तसेही तास कमी पडून राह्यले,’ प्राचार्य म्हणाले. ‘हा विषय घ्या, वर्कलोड बी भरते. आन् सरांचा विभाग आहे तो. बंद पडला तं बरं दिसन का?’

तुमचं नाव त्यांनी अगदी शेवटी काढलं, बिल आल्यावर पाकीट काढावं तसं. मी हो म्हणालो. तुमच्यासाठी म्हणालो असं इथे लिहिलं असतं तर वाक्य छान झालं असतं. मी वर्कलोडसाठी म्हणालो.

मग अभ्यास सुरू झाला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं बीजगणित शिकायला बसणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीत नसणार. तुम्हाला ते सतराव्या वर्षीच आलं होतं आणि मग गेलंच नाही. सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. जून अर्धा उलटला तरी उकाडा हटलेला नव्हता, कूलरमधून ओलसर वारा यायचा आणि कागद चिकटायचे. चष्मा एकदा पुस्तकासाठी चढवायचा, एकदा वहीसाठी उतरवायचा. दोन ओळी सोडवल्या की डोळ्यांच्या मागे कोणीतरी गोणी ठेवल्यासारखं जड व्हायचं. बायको बँकेत जायची घाई करत डबा भरायची आणि माझ्याकडे न बघता बोलायची.

‘आता कोन्ती परीक्षा देऊन राह्यले तुम्ही?’

‘परीक्षा नाही. शिकवायचं आहे.’

‘तुम्ही? गणित?’ तिचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला. ‘भाजीवाल्यानं पन्नासची नोट घेतली तं उरले किती हे मले फोन करून इचारता, आन् पोट्ट्यांले गणित शिकवनार. देवा!’

‘तो हिशेब. हे बीजगणित.’

‘हो ना, त्याच्यात आकडेच नसतात, म्हणून तुम्हाले जमन.’

तिचं बोलणं अर्धं बरोबर निघालं. एके दिवशी वर्ग पूर्ण करण्याची रीत कळता कळेना. क्षचा वर्ग अधिक सहा क्ष बरोबर सोळा. पुस्तक म्हणतं दोन्ही बाजूंना नऊ मिळवा. का मिळवा? नऊ कुठून आले? शाळा-कॉलेजात मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, मी फक्त नऊ मिळवायचो आणि पुढे जायचो. पेन टेबलावर आपटून खाली पाहिलं तर फरशी. एक मोठी चौकोनी जागा, तिच्या दोन बाजूंना तीन-तीन फरश्यांच्या रुंदीच्या दोन पट्ट्या, आणि कोपऱ्यात एक रिकामं खिंडार, तीन बाय तीनचं. त्या खिंडाराशिवाय चौकोन पुरा होत नाही. तिथे नऊ फरश्या बसतात. मी खुर्चीवरून उतरून फरशीवर बसलो आणि बोटानं तो कोपरा आखला. बायको ओरडली, ‘अहो, पोछा मारलेला आहे तिथं!’ मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘हे एवढं सोपं होतं तं तेव्हा काहून नाही समजलं?’ मी म्हणालो, तेव्हा मी खाली बघत नव्हतो. ती गेल्यावरही मी तिथेच बसून होतो. आनंद झाला होता, सर, पण थकलेल्या माणसाचा आनंद. तो उड्या मारत नाही, भिंतीला टेकतो.

तुम्ही मला फळ्याशी बोलावलं होतं तो दिवस तेव्हा आठवला. क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष. मी ऐटीत दोन्ही बाजूंना क्षनं भागलं आणि क्ष बरोबर पाच असं लिहून तुमच्याकडे वळलो. तुम्ही नेहमीसारखे खडू टेबलाच्या कडेला ठेवून, हात पाठीमागे घेऊन खिडकीबाहेर बघत उभे. खिडकीबाहेर जिनिंगचं पत्र्याचं छप्पर, त्यावर कापसाचे पुंजके अडकलेले. तुम्ही वळला नाहीत.

‘पाच सापडला. दुसरा कुठे गेला?’

‘दुसरा कोण, सर?’

‘भागताना ज्याला मारलास तो.’

मला काही उमजेना. वर्ग गप्प. तुम्ही गप्प. ती शांतता माझ्या अंगावर मुंग्यांसारखी चढायला लागली, आणि मी ती झटकून टाकली: ‘सर, तो पंचनामा होईपर्यंत फरार आहे.’ वर्ग फुटला. मागच्या बाकावर आजचे प्राचार्य टेबल बडवत होते. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. नुसतं म्हणालात, ‘आता हसण्यात तो गेला. दोन मिनिटं थांबला असतास तर आपणहून आला असता.’ आणि माझ्याकडून खडू घेऊन शून्य लिहिलंत. क्ष शून्य असला तर त्यानं भागायचंच नाही, म्हणून भागण्याआधी त्याला विचारायचं. एवढंच. मला ते बोलणं लागलं नाही. वर्ग हसला होता ना, मला तेवढं पुरे होतं.

तुमच्या स्वयंपाकघरातही तेच झालं. पहिल्या चाचणीनंतर तुम्ही मला घरी बोलावलं होतंत. काकू पुसदला माहेरी गेलेल्या, आणि तुम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा परातीत घेऊन ओट्यापाशी पाटावर बसलेले, बाजूला चहाचं आधण. मला एक बहुपदीचा भागाकार सांगितलात आणि म्हणालात, पुढची पायरी सांग. मी शेंग सोलली. तुम्ही शेंग सोललीत. आधण उकळायला लागलं, तुम्ही उठला नाहीत. चहा भांड्याच्या कडेवर चढला, गॅसवर सांडला, चर्र झालं, तरी तुम्ही माझ्या तोंडाकडेच बघत होतात, असे, की जणू जगात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या तोंडून आता बाहेर पडणार आहे. इतका वेळ माझ्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं. मला ते सोसलं नाही. मी म्हणालो, ‘सर, पुढची पायरी म्हणजे गॅस बंद करणे.’ तुम्ही उठून गॅस बंद केलात. मला अर्धा कप चहा मिळाला, कारण अर्धा सांडला होता. वर्षाच्या शेवटी तुम्ही मला मराठीच्या बाईंपुढे उभं करून सांगितलंत, ‘हा पोरगा चुकताना गोष्ट सांगतो. आमच्याकडे चालत नाही, तुमच्याकडे चालेल.’ लोकांना वाटतं मला मराठीत कोणी पुस्तकानं आणलं. मला गणितानं हाकलून मराठीत आणलं, आणि मी तेव्हापासून गोष्टी सांगून पोट भरतो आहे, वर्गात आणि वर्तमानपत्रातल्या सदरात. सदराला गावात बोचरं म्हणतात. ज्याला बोचतं तो वाचत नाही आणि जो वाचतो त्याला शेजाऱ्याला बोचलं याचा आनंद असतो.

जुलैत तास सुरू झाले. पंचवीस-तीस मुलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या डोळ्यांत मी ओळखीची भीती पाहिली, दंतवैद्याच्या बाकड्यावरची. मग मी मला जे येतं ते केलं. फलन शिकवताना एसटीचा कंडक्टर आणला: एका प्रवाशाला एकच तिकीट, दोन प्रवाशांचं भाडं सारखं असू शकतं, पण एकाच प्रवाशाला दिग्रस ते पुसदची दोन वेगळी भाडी लावली तर भांडण होतं, आणि भांडण झालं की ते फलन नाही. असमानतेला ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह का उलटतं? मिरवणूक सांगितली. पुढे बँडवाला, मागे चपला सांभाळणारा काका. चौकात पोलिसानं अडवलं आणि मिरवणूक आहे तशी मागे वळली, तर आता सगळ्यात पुढे कोण? ‘काका!’ सगळा वर्ग ओरडला. बहुपदीत क्ष खूप मोठा झाला की सर्वांत मोठ्या घातांकाचंच चालतं, बाकीची पदं घरातल्या धाकट्या सुनांसारखी मान हलवत राहतात. मुली खुदखुदल्या. आठवड्याभरात वाणिज्यची मुलं खिडकीत उभी राहायला लागली. प्राचार्य एकदा फोटो काढून गेले आणि तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, खाली टाळ्यांची चिन्हं. तुमच्या तासाला, सर, तुमचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा चालायचा आणि दुपारच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा. खिडकीत कोणी उभं राहिलेलं मला आठवत नाही. घरी आलो की मी जेवायलाही न बसता आडवा व्हायचो. माणसं हसवणं हे अंगमेहनतीचं काम आहे. हमालाला निदान मध्ये ओझं उतरवता येतं.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची, दिग्रसजवळच्या तांड्यावरून यायची. ती हसायची नाही. वर्ग हसून कोसळला तरी ती पेन उघडून बसलेली. मला तिचा राग यायचा; कुठल्याही विनोदी माणसाला पहिल्या रांगेतला एक कोरा चेहरा अख्ख्या हसऱ्या सभेपेक्षा मोठा दिसतो.

सप्टेंबरात चाचणी घेतली. उणे दोन क्ष सहापेक्षा मोठा, तर क्ष काढा. एका पोरानं अर्धं पान मिरवणूक लिहिली होती, माझ्यापेक्षा चांगली. बँडवाल्याला त्यानं दारू पाजली होती आणि काकाला दम लागलेला दाखवला होता. खाली उत्तर: क्ष, उणे तीनपेक्षा मोठा. मिरवणूक वळवली होती, चिन्ह वळवायचं राहिलं होतं. गठ्ठाभर पेपर तसेच. कंडक्टर सगळ्यांना आठवत होता, फलन कोणाला येत नव्हतं. गठ्ठा परत देताना वर्ग हिरमुसला नाही, उलट त्या पोराची मिरवणूक मोठ्यानं वाचा म्हणून आग्रह झाला. पुढच्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. तिचंही उत्तर चुकलं होतं.

‘सर, एक बोलू का? राग नका मानू.’

‘बोल.’

‘तास लय मस्त होऊन राह्यले. पण घरी जाऊन वही उघडली का मिरवणूकच दिसते, गणित दिसतच नाही. याडी इचारते, काय शिकली? मी तिले मिरवणूक सांगतो. ते बी हासते.’ याडी म्हणजे तिची आई. ‘मंग ते म्हणते, हे शिकाले गाडीभाडं लावते काय बाई?’

त्या संध्याकाळी मी काही लिहिलं नाही, सदरही नाही. दुसऱ्या दिवसापासून तुमच्यासारखं शिकवायचं ठरवलं. फळ्यावर एक उदाहरण लिहिलं, खडू टेबलाच्या कडेला ठेवला, हात मागे घेतले, खिडकीबाहेर पाहिलं. जिनिंगचं छप्पर आता नाही, तिथे मंगल कार्यालय आहे. ‘पुढची पायरी?’ म्हणालो आणि थांबलो. सर, थांबणं किती कठीण आहे हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मिनिट झालं असेल नसेल, माझ्या जिभेच्या टोकावर तीन विनोद येऊन बसले होते, एकाहून एक चांगले. वर्ग आधी हसायची तयारी करून बसला, मग चुळबुळला, मग कोणीतरी विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’ मी मान हलवली आणि थांबलो. बऱ्याच वेळानं पुढच्या बाकावरून हळू आवाज आला, ‘आधी दोन्हीकडून क्ष वजा करू?’ करू, म्हणालो. खडू उचलला, तेवढंच लिहिलं, परत ठेवला. त्या तासात एक उदाहरण झालं. मी घरी गेलो तेव्हा थकवा नव्हता असं नाही, पण वेगळा होता, विहिरीतून पाणी शेंदल्यावरचा.

असं आठवडाभर चाललं. खिडकीतली वाणिज्यची मुलं पहिल्याच दिवशी गेली. मग बाकांवरची जायला लागली. वर्ग अर्ध्यावर आला, पण त्या अर्ध्यातली चार-पाच पोरं पेन उघडून बसायला लागली होती, आणि एकदा दोघं आपसात पायरीवरून भांडली, खरंखुरं भांडण, ‘अबे, तिथं शून्य आला तं काय करशीन?’ शनिवारी प्राचार्य दारात.

‘सर, काय झालं? पोट्टे कुठं गेले सारे?’

‘उरलेली शिकून राहिली आहेत.’

‘ते ठीक आहे, पण हजेरी पाहाले समिती येऊन राह्यली पुढच्या महिन्यात. आन् तुम्ही असे मौनीबाबा होऊन उभे! पोट्ट्यांले बसवून ठेवणं हेच मेन आहे ना सर. बसले तं निवडतीन, निवडले तं विभाग राहीन. तुम्हाले सांगाले पाहिजे का?’

हिशेब पक्का होता. विभाग वाचवायचा तर मुलं पाहिजेत, मुलं पाहिजेत तर मिरवणूक पाहिजे. सोमवारी मी मिरवणूक परत आणली, या खेपेला घोड्यासकट. खिडकी भरली. लॉग आणि घातांक मी दोन भांडणाऱ्या जावांवर शिकवले, एक जे करते ते दुसरी उलगडून ठेवते. त्यावर तर टाळ्याच पडल्या. चार-पाच पोरांनी पेनं मिटली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मिटलं नाही, पण ती आता माझ्याकडे बघत नसे, खालीच बघून स्वतःची स्वतः सोडवत असे. समिती आली, हजेरी पाहून खूश झाली, काजू खाऊन गेली.

मार्चमध्ये मुलांनी विषय निवडले. प्राचार्यांनी फोनवर न सांगता मला केबिनमध्ये बोलावलं, म्हणजे बातमी मोठी होती. उभे राहून त्यांनी माझा हात हातात घेतला.

‘अभिनंदन, सर! गेल्या कित्येक वर्षांत एवढे पोट्टे एका विषयाले नाही आले.’

माझ्या छातीत तुमच्या नावानं काहीतरी हललं, खरंच हललं. ‘गणिताला?’

‘गणिताले कुठं? मराठीले! तुमच्या त्या मॅथच्या वर्गातले पार सारे मराठीत आले. एका पोट्ट्याले इचारलं मी, कायले रे मराठी? तं म्हणते, सर मराठीतच शिकवतात लय भारी, गणित कायले पाहिजे. तुमची पोस्ट पक्की झाली, बापा. आता रिटायर होईलोक कोणी हात नाही लावत तुम्हाले.’

‘आणि गणित?’

त्यांनी हात सोडला. आकडा सांगायची गरज नव्हती, त्यांनी सांगितलाही नाही. ‘ते तं तसंबी जाणारच होतं,’ म्हणाले. मागच्या बाकावरचा तो पोरगा क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. ‘सर असते तं त्यायले वाईट वाटलं असतं, नाही?’ तुम्हाला वाईट वाटलं असतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. तुम्ही बहुधा खिडकीबाहेर बघितलं असतंत.

ज्या हातोटीनं पोरं वर्गात आणली तीच त्यांना गणिताच्या दारातून माझ्या घरात घेऊन आली. मी त्यांना तुमचा विषय दाखवलाच नाही, मी स्वतःलाच दाखवत राहिलो, आणि पोरं शहाणी, त्यांनी जे दाखवलं तेच उचललं. पुढच्या बाकावरची एकटी शहाणी नाही. ती एप्रिलमध्ये दाखला मागायला आली. पुसदच्या कॉलेजात गणित आहे. तांड्यावरून दिग्रस, दिग्रसहून पुसद, रोज. घरचे म्हणत होते इथे जे आहे ते घे, मराठी काय वाईट आहे. तिच्या भावानं तर बोलणं टाकलं होतं. याडी तेवढी तिच्या बाजूनं उभी होती.

‘इथंच राहून दुसरं काही घेतलं असतंस,’ मी म्हणालो. म्हणायचं म्हणून.

‘नाही सर. मले गणितच पाहिजे.’

‘माझ्या तासांना तर तू कधी हसली पण नाहीस. मग हे कुठून लागलं तुला?’

ती दाखल्याकडे बघत राहिली. मी थांबलो; तेवढं मला आता येतं. मग म्हणाली, ‘तो एक आठवडा नव्हता का सर, तुम्ही चूप राहून राह्यलते? तवा लागलं.’ आणि लाजून, जरा हसून, ‘पहिले वाटलं, सरले ताप आहे. मंग एकदम डोक्यात पायरी आली ना, आपल्याआपच. कोणी सांगतली नाही. असं वाटलं का…’ तिला शब्द सापडेना. मी मराठीचा मास्तर, मला चार सापडत होते. मी एकही दिला नाही. ‘तसंच पुन्हा पाहिजे मले,’ ती म्हणाली आणि निघाली. दारात वळून, ‘येतो सर. मिरवणूक बी चांगली होती, बरं का. याडीले लय आवडली.’

मेमध्ये तुमची खोली रिकामी केली. शिपायानं दारावरची पाटी उतरवली आणि मला विचारलं, सर, ही ठेवू का भंगारात देऊ? मी म्हणालो ठेव. कुठे ठेव ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोलीत आता क्रीडा विभागाच्या जाळ्या आणि स्टंप आहेत. मी पुस्तकं अजून टेबलावर ठेवलेली आहेत, बायको वैतागते. सकाळी एखादं उदाहरण घेऊन बसतो, शिकवायचं कोणाला नाही तरी. फार पुढे जात नाही. त्या मुलीनं विचारलं तरी तिची शिकवणी घ्यायची माझी ऐपत नाही. पहिलं वर्षभर मी तिच्या एक पान पुढे होतो, आता ती माझ्या किती पुढे गेली असेल कोण जाणे. बसस्टँडवर पुसदची गाडी लागलेली दिसली की मी खिडक्या बघतो. ती अजून दिसलेली नाही. तिची गाडी पहाटेची असणार, मी उशिरा उठतो.

हे पत्र पाठवायचं नाही हे पहिल्या ओळीपासून ठरलेलं आहे. तुम्ही हयात असतात आणि पाठवता आलं असतं तर इतकं खरं लिहिलं नसतं, मध्येच कुठेतरी कंडक्टर आणला असता. म्हणून आता एक राहिलेलं सांगून टाकतो. आकडे कळले त्या दिवशी, तुमचा विभाग बंद झाल्याची बातमी खिशात घेऊन, मी घरी जाताना चौकातल्या हलवायाकडे थांबलो आणि गरम जिलेबी बांधून घेतली. बायकोला म्हणालो, वाचलो. तिनं डोळे पुसले. वर्षभर ती माझी नोकरी जाईल या भीतीनं टोमणे मारत होती हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानंच खाल्ली, बोटं चाटून. तुमची आठवण आली, सर. तरी गोड लागली.